इंजिन बांधायचं की नवीन बसवायचं? आमच्या रायडिंग मोवरचा अनुभव

ज्यांच्या बसून चालवायच्या मोवरचं, म्हणजे गवत कापायच्या मशीनचं, इंजिन धूर टाकायला लागलंय आणि ज्यांना कुणीतरी "इंजिन गेलं, नवीनच टाका" असं सांगून टाकलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. एप्रिलमध्ये ही वेळ आमच्यावर आली तेव्हा आधी काय तपासायचं, कुठल्या टप्प्यावर किती खर्च होतो, कागद कुठले लागतात हे सगळं सलग सांगणारं मला काही सापडलं नाही. किमती मी पैशात देत नाही, त्या जागेप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे फार बदलतात. नवीन इंजिनाची किंमत १०० धरा, बाकी सगळं त्याच्या हिशेबात सांगते.

आमचं इंजिन एका सिलिंडरचं, उभ्या शाफ्टचं, ओएचव्ही (म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वरच्या झाकणात, हेडमध्ये, असतात असं), ५०० सीसीच्या आसपास, साडेसतरा हॉर्सपॉवरचं. मीटरवर सहाशेच्या वर तास झालेले. मागच्या सिझनच्या शेवटी ऑइल जरा जास्त खायला लागलं होतं. या वर्षी पहिल्याच गवताला निळा धूर, चढावर दम नाही, आणि एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत ऑइलच ऑइल. दुकानात नेलं, त्यांनी सुरू केलं, धूर बघितला आणि "मॅडम, रिंगा गेल्या, बांधण्यात अर्थ नाही, नवीन इंजिन घ्या" म्हणून कोटेशन हातात दिलं. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, आणि बांधणं म्हणजे इंजिन उघडून झिजलेले भाग बदलणं. आत काहीच उघडलं नव्हतं, काही मोजलं नव्हतं. एवढा मोठा आकडा बघून पोटात गोळा आला होता आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी हो म्हणायच्या बेतात होते, कारण गवत थांबत नाही.

धाकटा दीर लेथवर काम करतो, मोजमाप हाच त्याचा धंदा. फोनवर म्हणाला, "वहिनी, आत्ता पैसे भरू नका, रविवारी येतो, आधी मोजू." पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

तो यायच्या आधी मी घरी दोन-तीन फुकटातल्या गोष्टी तपासल्या. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरलेलं असेल तरी धूर येतो, त्यामुळे मशीन सपाट जागी ठेवून पातळी बघायची. डिपस्टिकचा वास घ्यायचा, पेट्रोलचा वास आला आणि ऑइल पातळ झालेलं असलं तर कार्बोरेटरची पेट्रोल अडवणारी नीडल बसत नाहीये आणि टाकीतलं पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या पोकळीत, उतरतंय असं समजायचं, आणि तसं असेल तर इंजिन अजिबात सुरू करायचं नाही, आधी ऑइल बदलायचं. ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट, चोक आहे का तेही बघायचं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं.

मग नंबर. इंजिनाच्या कव्हरवर मॉडेल, टाइप आणि कोड असे वेगवेगळे नंबर ठोकलेले असतात, ते ब्रशने साफ करून फोटो काढून ठेवा. मोवरचा नंबर वेगळा आणि इंजिनाचा वेगळा, पार्ट मागवताना इंजिनाचा लागतो, आणि नुसत्या मॉडेल नंबरवर भागत नाही कारण एकाच मॉडेलमध्ये टाइपप्रमाणे क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य शाफ्ट) आणि कार्बोरेटर बदलतात. वॉरंटीसुद्धा बऱ्याचदा दोन ठिकाणी असते, मशीनवाल्याची निराळी आणि इंजिनवाल्याची निराळी. आमच्या दोन्ही संपलेल्या होत्या, तरी मी पावती शोधून कंपनीला मेल केला, उत्तर यायला आठवडाभर गेला आणि नकारच आला. पण त्या मेलसोबत त्यांनी आमच्या टाइपच्या सर्व्हिस मॅन्युअलची आणि पार्टच्या नकाशाची लिंक पाठवली, पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. वॉरंटी संपली असली तरी विचारा.

रविवारी दिराने आधी टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांतली फट, बघितली. या इंजिनांत कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवर) कॉम्प्रेशन कमी करणारी सोय असते म्हणजे स्टार्टरला ओझं होत नाही, आणि गॅप जास्त झाली की ती सोय काम करत नाही, इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. अशा वेळी लोक बॅटरी आणि स्टार्टर बदलत बसतात. याच सोयीमुळे साध्या कॉम्प्रेशन गेजचा आकडा इथे भरवशाचा नसतो, तो मुळातच कमी येतो. त्यापेक्षा लीक-डाउन टेस्ट करायची. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकला अगदी वर आणायचा, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के हवा निसटते ते दोन गेजवर बघायचं. हवा सोडली की पिस्टन खाली ढकलला जाऊन क्रँक फिरू शकते, म्हणून क्रँक पान्याने पक्की धरायची आणि ब्लेडजवळ, पट्ट्याजवळ कुणाचा हात नको. हे गंमत म्हणून करायचं काम नाही.

आकडा बघायचाच, पण हवा कुठून निघतेय हे कान लावून ऐकायचं. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि ऑइल भरायच्या नळीतून आली तर रिंगा. आमची निम्म्याहून जास्त हवा निसटत होती आणि ती ऑइलच्या नळीतून. म्हणजे दुकानदार बरोबर, असं मला वाटलं आणि मी गप्पच झाले. दीर म्हणाला थांबा, हेड खोलल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. कारण या ओएचव्ही इंजिनांत सिलिंडर आणि पुशरॉडची (कॅमकडून व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या दांड्यांची) पोकळी यांच्यामध्ये गॅस्केटची अगदी अरुंद पट्टी असते. ती जळाली की ज्वलनाचा गॅस थेट पुशरॉडच्या पोकळीत आणि तिथून क्रँककेसमध्ये जातो, आत प्रेशर वाढतं, ब्रीदरमधून ऑइल एअर फिल्टरकडे फेकलं जातं आणि निळा धूर येतो. लक्षणं सगळी रिंगांची, आणि दोष एका गॅस्केटचा!

हेड खोललं आणि अगदी तिथेच गॅस्केट जळालेली. काळी रेघ स्पष्ट दिसत होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. हेडवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज घालून बघितलं तर हेड मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा थोडं वाकलेलं होतं, म्हणून जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते घासून सपाट केलं. सिलिंडर तीन उंचींवर, दोन्ही दिशांनी मोजला. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये मूळ मापापेक्षा ०.००३ इंच म्हणजे ०.०७६ मिमीच्या वर झीज असेल तर बोअर करा (सिलिंडर आतून कापून मोठा करा) असं असतं, आमची त्याच्या बरीच आत होती आणि भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेषा अजून दिसत होत्या. गॅस्केट यायला आठ-दहा दिवस लागले. टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या क्रमाने बोल्ट आवळले, टॅपेट लावले. खर्च १०० पैकी ६. परत लीक-डाउन घेतली तर १५ टक्क्यांच्या आत, रिंगा ठणठणीत. धूर बंद.

तुमचं प्रकरण इथेच संपू शकतं म्हणून हा भाग एवढा लांबवलाय. धूर बघून नवीन इंजिन घेऊ नका, आधी हेड उघडून बघा.

आमचं मात्र संपलं नाही. आधी इंजिन इतकं ओढत ओढत चालायचं की दुसरा आवाज ऐकूच येत नसे. आता ते मोकळं झालं आणि फुल रेसवर, विशेषतः रेस कमी-जास्त करताना खालून टकटक यायला लागली. ऑइल सोडलं तर उन्हात धरल्यावर चंदेरी कण चमकत होते. दीर आवाज ऐकून लगेच बोलला नाही, नुसता "सम्प (इंजिनाचा तळ) उघडावा लागेल" म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

इंजिन उतरवायला एक पूर्ण संध्याकाळ गेली, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ खालच्या पुलीवर आणि ब्लेडच्या इलेक्ट्रिक क्लचवर. ते शाफ्टला गंजून चिकटलेले असतात. आदल्या दिवशीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, पुलर वापरा आणि शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका, आतल्या क्रँकला आणि बेअरिंगच्या जागेला त्याचा मार बसतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढा. वायरी काढण्याआधी प्रत्येकीचा फोटो आणि चिकटपट्टीवर नाव. इंजिन तीसेक किलोच्या आसपास असतं, एकट्याने उचलू नका.

सम्प उघडल्यावर जे दिसलं ते असं. या इंजिनांत कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो आणि तो मध्ये वेगळं बेअरिंग न घालता थेट क्रँकच्या पिनवर चालतो. ऑइल कमी पडलं किंवा त्यात पेट्रोल मिसळलं की रॉडचं ॲल्युमिनियम पिनवर चोपडलं जातं. नुसतं चोपडलेलं असेल तर ते रसायनाने काढून पिन पॉलिश करून नवीन रॉड घालता येतो आणि असं बांधलेलं इंजिन छान चालतं. आमच्या पिनवर मात्र खोल चरे होते आणि मायक्रोमीटर मॅन्युअलच्या मर्यादेच्या खाली गेला. त्यात भर म्हणजे सम्पमधलं खालचं बेअरिंग, ज्यावर पट्ट्याचा आणि क्लचचा सगळा ओढ येतो, तेही एका बाजूने झिजलेलं. खालच्या सीलमधून ऑइल का झिरपत होतं ते तेव्हा समजलं.

आता खरा निर्णय होता. त्या रात्री वही घेऊन बसलो. पिन घासून लहान करायची तर त्या मापाचा लहान रॉड लागतो, तो आमच्या मॉडेलला मिळत नव्हता. म्हणजे क्रँक नवीन, ४०. रॉड ९. सम्प नवीन, १९. सील, गॅस्केट, रिंगा मिळून ११. हेडचे ६ आधीच गेलेले. बेरीज ८५, दिराची मजुरी शून्य धरून. आणि हे सगळं केल्यावरही कॅम, ऑइल पंप, कार्बोरेटर, कॉइल जुनेच, चंदेरी कण फिरून आलेल्या ब्लॉकमध्ये, आणि वॉरंटी कसलीच नाही. दुसरा पर्याय शॉर्ट ब्लॉक, मेकॅनिक त्याला हाफ इंजिन म्हणतात, ब्लॉक क्रँक पिस्टन कॅम जोडून येतात आणि आपलं हेड, फ्लायव्हील, कार्बोरेटर वर चढवायचं. ते ६२ ला होतं आणि मला ते मनापासून हवं होतं, कारण नुकतंच नीट केलेलं हेड कामी आलं असतं. ऑर्डर टाकली. उत्तर आलं की माल शिल्लक नाही, तारीख सांगता येत नाही. तीनेक आठवडे वाट बघितली, दर दोन दिवसांनी ऑर्डरचं स्टेटस उघडायचे, मधल्या काळात गवत गुडघ्याएवढं झालं आणि भाड्याने मशीन आणून कापावं लागलं. शेवटी ऑर्डर रद्द केली. रद्द करण्याआधी परताव्याची अट लेखी मागवून घेतली होती म्हणून पैसे पूर्ण परत आले, आले मात्र बऱ्याच उशिरा. तिसरा पर्याय भंगारातलं वापरलेलं इंजिन, ३५ ला. ते चालू करून दाखवायला तयार नव्हते, लीक-डाउन करू देणार नव्हते, तास किती झाले ते माहीत नाही. तो मी लगेच सोडला.

बांधायचा खर्च नवीन इंजिनाच्या निम्म्यापेक्षा जास्त जायला लागला की नवीन घ्यावं असं बरेच मेकॅनिक म्हणतात. मला ते पटतं, पण थोडं पुढे जाऊन सांगते, क्रँक चांगली असेल तर बांधा, क्रँक गेली असेल तर दोनदा विचार करा. सिलिंडरला बिडाचा स्लीव्ह असेल, ओव्हरसाइज पिस्टन मिळत असेल, किंवा इंजिन दोन सिलिंडरचं महाग असेल तर हिशेब बांधण्याच्या बाजूने झुकतो. आमच्यासारख्या एका सिलिंडरवाल्याला नवीनची किंमतच त्या मानाने कमी असते.

नवीन घेण्याआधी अजून एक प्रश्न उरतो आणि तो इंजिनाचा नाहीच. बाकी मशीन तेवढी वर्षं काढेल का? डेक (ब्लेडवरचं पत्र्याचं कव्हर) खालून खरवडून पेचकसाने टोचून बघितला, पत्रा शाबूत. ब्लेडचे स्पिंडल (ब्लेड ज्यावर फिरतं ते शाफ्ट) हाताने फिरवून, हलवून बघितले, एक खरखरत होता, तो बदलायचा ठरला. इंजिन बिघडायच्या आधी हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) गिअरबॉक्स गरम झाल्यावरही चढावर नीट ओढत होता का, हे आठवून लिहून काढलं. पुढच्या एक्सलचे बुश, स्टिअरिंगचे दाते, फ्रेमला तडे आहेत का हेही बघितलं. गिअरबॉक्स गेलेला असता तर मी नवीन इंजिन घेतलंच नसतं, कारण बऱ्याचदा तो इंजिनाच्या जवळपास किमतीचा असतो.

मेच्या शेवटी नवीन इंजिनाची ऑर्डर दिली. इथे हॉर्सपॉवरपेक्षा मापं महत्त्वाची. शाफ्टचा व्यास, आमचा १ इंच म्हणजे २५.४ मिमी. लांबी, आमची ३ ५/३२ इंच म्हणजे ८० मिमीच्या आसपास. चावीचा खाचा १/४ इंची, टोकाच्या बोल्टचे आटे, खालच्या बोल्टांची जागा. सायलेन्सर कुठल्या बाजूला निघतो, बॉनेट बंद होतं का, ऑइल ड्रेन फ्रेमला अडतो का, पेट्रोल पंप आहे की नाही. आणि चार्जिंग. ब्लेडला इलेक्ट्रिक क्लच असेल तर तो चालता चालता सतत करंट खातो, नवीन इंजिनाचं चार्जिंग कमी अँपिअरचं असेल तर बॅटरी उतरत राहते. जुन्या आणि नव्या इंजिनाचे वायरिंगचे नकाशे शेजारी ठेवून मी प्रत्येक वायर पेन्सिलने जुळवली. मॅग्नेटोची बंद करायची वायर असते तिला बॅटरीचे १२ व्होल्ट चुकूनही लागू द्यायचे नाहीत, कॉइल जळते. ती फक्त अर्थला टेकवून इंजिन बंद करते. कार्बोरेटरच्या खालच्या सोलेनॉइडला मात्र १२ व्होल्ट लागतातच. या दोन वायरींवर वेगवेगळ्या रंगाची पट्टी लावा.

माल येताना सही करण्याआधी खोका चारही बाजूंनी बघा. आमचा एक कोपरा चेपलेला होता. डिलिव्हरीच्या कागदावर "खोका चेपलेला, आत तपासायचं बाकी" असं लिहून मग सही केली, फोटो काढले, आत नुकसान नव्हतं पण असतं तर त्या ओळीशिवाय क्लेम उभा राहिला नसता. वॉरंटी नोंदवताना घरगुती वापर की व्यावसायिक असा प्रश्न येतो. खरं तेच लिहा आणि आधी अटी वाचा, व्यावसायिक वापराला बऱ्याचदा खूप कमी मुदत असते आणि पैसे घेऊन दुसऱ्याचं गवत कापलं तरी तो व्यावसायिक धरला जाऊ शकतो. ऑइलच्या पावत्या मी आता त्याच फाइलमध्ये लावते.

बसवणं उतरवण्यापेक्षा सोपं गेलं. सायलेन्सरचा पाइप मात्र जुळला नाही, तो दिराने कापून वेल्ड केला. नवीन इंजिन बहुतेक वेळा ऑइलशिवाय येतं, ते भरल्याशिवाय चावी फिरवू नका. एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती म्हणजे रेस, इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे. नवीन इंजिनाची वरची रेस मोवरला लागते त्यापेक्षा जास्त ठेवलेली असू शकते. अमेरिकेच्या एएनएसआय बी७१.१ या स्टँडर्डमध्ये ब्लेडच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंतच चालतो. २१ इंची ब्लेडला त्याचा अर्थ होतो मिनिटाला साधारण ३,४५० फेरे, आणि ब्लेडचे फेरे इंजिनाच्या फेऱ्यांशी पुल्यांच्या मापाने जोडलेले असतात. म्हणून टॅकोमीटर लावून मोवरच्या मॅन्युअलमधला आकडा जुळवून घेतला. गव्हर्नरची (रेस ताब्यात ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग कानाच्या अंदाजाने ओढू नका, त्यात ब्लेड फुटण्याचा धोका आहे.

पहिले काही तास अर्ध्या ओझ्यावर चालवलं, म्हणजे गवत वरवर कापलं. पहिलं ऑइल ५ ते ८ तासांत बदला असं बहुतेक मॅन्युअल सांगतात, आम्ही पाचलाच बदललं. त्याच वेळी क्लचचा मधला बोल्ट आणि इंजिनाचे खालचे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासले, एक खालचा थोडा सैल निघाला. एकूण खर्च इंजिनाचे १००, हेडचे ६, स्पिंडल, सायलेन्सरचं वेल्डिंग, ऑइल आणि भाड्याचं मशीन धरून १२० च्या आसपास गेला. जुन्या इंजिनाचं स्टार्टर, कॉइल, फ्लायव्हील, कार्बोरेटर आणि ते घासलेलं हेड सुटं करून मॉडेल आणि टाइप नंबरसकट विकायला टाकलं. स्टार्टर आणि कार्बोरेटर लगेच गेले, फ्लायव्हील जुलैमध्ये गेलं, मिळून १८ परत आले. हेड अजून आहे, त्याच टाइपचं कुणाचं वाकलं असेल तर विचारा.